गाडी फोनला ओळखत नाही

फोन अपडेट झाल्यापासून बाबांची गाडी त्याला ओळखत नाही. रोज सकाळी बाबा मला ऑफिसला सोडतात आणि वाटेत माझ्या फोनवरची गाणी लागतात. गाणी चालू असली की बोलावं लागत नाही. गेले चार दिवस ती सोय गेली आहे. मी ब्लूटूथ बंद-चालू केलं, फोन रिस्टार्ट केला, शेवटी दोन्हीकडची जुनी नावं काढून टाकली आणि सगळं नव्यानं जोडायला घेतलं. आज सिग्नलला थांबलो असताना गाडीच्या स्क्रीननं विचारलं, मेसेज वाचायची परवानगी द्यायची का?

"दे की. आपल्याच गाडीपासून काय लपवायचं?" बाबा म्हणाले.

मी राजीनामा दिलाय आणि आता फक्त नोटीस पिरियड भरतेय, हे त्यांना माहीत नाही. त्याचेच मेसेज सारखे येताहेत, आणि ही गाडी आलेला मेसेज मोठ्यानं वाचून दाखवते.

माणूस आतून बदलला की घरच्यांशीही जुन्या ओळखीवर भागत नसावं. पुन्हा जोडून घ्यायचं, तर थोडं उघडं पडावं लागतं. माझं बोट स्क्रीनपाशी नुसतंच घुटमळत राहिलं. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला.

"अगं बाई, हो नाहीतर नाही, काहीतरी दाब!" बाबा म्हणाले.

मी 'नाही'वर बोट ठेवलं.

"बाबा, मी नोकरी सोडलीय."

त्यांनी गाडी पुढे घेतली. मग हात लांब करून, काहीच वाजत नसलेल्या स्टिरिओचा आवाज कमी केला.

"हं. सांग."