आईचा एकटीचा फोटो

आमच्या ऑफिसात एकाला सगळे कात्री म्हणतात. दुकानांच्या कॅटलॉगसाठी चपला, कढया, खुर्च्या यांच्या फोटोंमधलं मागचं सगळं काढून पांढरं करायचं, हे आमचं काम. बावीस वर्षं त्याने ते माउसने, डोळ्यांत तेल घालून केलं. मग पन्नाशीत हट्टाने कोड शिकला आणि स्वतःच प्रोग्राम लिहिला. फोल्डरात फोटो टाकायचे, चहा पिऊन यायचं, तोवर सगळं साफ. डिस्क सारखी भरते म्हणून मूळ फोटोच्या जागीच नवा ठेवायचा, ही ओळही त्याचीच. चपलेचा मूळ फोटो हवाय कोणाला?

दोन महिन्यांपूर्वी त्याची बायको गेली. चौथ्या दिवशी हा कामावर हजर. मी जवळ जाऊन काहीबाही बोललो, तर म्हणाला, "काही वाटतच नाही रे. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देतात ना, तसं झालंय."

लेकीने एकच गोष्ट मागितली होती, आईचा एकटीचा फोटो. तसा एकही नव्हता. ती बाई कायम कोणाच्या तरी मागे उभी. यातल्याच एखाद्यातून तिला वेगळी काढू म्हणून घरात होते नव्हते ते एक्केचाळीस फोटो त्याने पेनड्राइव्हवर आणले, सवयीने कट-पेस्ट करून त्याच फोल्डरात टाकले आणि माझ्याबरोबर चहाला आला.

परत आलो तर पडद्यावर तो होता, लेक होती, वाढदिवसाचा केकसुद्धा होता. बायको कुठेच नव्हती. पुढचं ठेवायचं, मागचं पुसायचं, एवढंच प्रोग्रामला ठाऊक. दुसरी प्रत नव्हती.

"प्रोग्राम बरोबर चाललाय की," तो म्हणाला. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. मग भीतीच वाटली त्याची.

संध्याकाळी लेक आली. काही न लपवता त्याने सगळं सांगितलं. ती खुर्ची ओढून एकेक फोटो बघत गेली. शाळेच्या गणवेशातल्या स्वतःच्या फोटोपाशी थांबली. तिच्या खांद्यावर चार बोटं उरली होती, मनगटापासून पुढे सगळं पांढरं.

"अरेच्चा, हे राहिलं होय?" म्हणत त्याने माउस हातात घेतला. "थांब, काढून देतो. खांदा साफ होईल."

"बाबा," लेक म्हणाली, "ती आई आहे."