पिळून मोडलेलं हाड

आप्पांच्या उजव्या खांद्यात धातूचा सांधा बसवला, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद आईला झाला होता. पाच महिन्यांनी तो हात मी मोडला.

आप्पा म्हणजे माझे वडील. वडगाव रासाईत, भीमेच्या काठाला आमचा ऊस आणि कांदा. बाहेर ते गोड बोलायचे. भावकीतलं भांडण असो नाहीतर सोसायटीची निवडणूक, लोक आधी त्यांना विचारायचे. घरात मात्र ते आईला मारायचे. रोज नाही, पण हात कधी उठेल याचा नेम नसायचा. उजव्या हाताचा पंजा, कानाखाली. आईचा डावा कान मी शाळेत असतानाच गेला. शेजारणींना वाटायचं, जन्मापासूनच असेल.

साठी उलटल्यावर नदीवरची मोटर ओढताना त्यांचा खांदा दुखावला. आतले स्नायू फाटले होते, सांधाही झिजला होता. वर्षभर त्यांना सदऱ्याची बाही घालता येत नव्हती. मी तेव्हा नवऱ्याला सोडून माहेरी आले होते आणि रांजणगावच्या एमआयडीसीत पत्रे दाबायच्या प्रेस मशीनवर कामाला जात होते. ते वर्ष घरात शांततेचं गेलं. आई त्यांना भरवायची, पाठ चोळायची, आणि भाकरी थापताना चक्क गुणगुणायची.

पुण्याला ऑपरेशन झालं. शिरूरच्या फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी एक व्यायाम दिला होता: भिंतीला बोटं लावून हात हळूहळू वर चढवायचा. आप्पा सकाळी ओसरीत भिंतीशी उभे राहायचे. बोटं जिथवर पोचतील तिथं आई खडूनं रेघ ओढायची.

"आज दोन बोटं जास्त गेला," ती मला सांगायची. रेघा तिच्या डोक्याच्या वर गेल्या, तरी तिचा आनंद कमी झाला नाही. मला मात्र त्या रेघांकडं बघवत नव्हतं.

त्या दिवशी मला सुट्टी होती. आप्पांना बघायला कवठे येमाईहून पाहुणे आले होते. चहा देता देता आई हसत म्हणाली, "दवाखान्यात लई रडले, लेकरावानी." पाहुणेही हसले. आप्पाही हसले.

पाहुण्यांची गाडी वळली आणि आप्पा स्वयंपाकघरात आले.

"चार माणसात माझी लाज काढती व्हय?"

त्यांनी मारलं ते त्याच हातानं. आई भांड्यांच्या मांडणीवर आदळली, ताटं खाली आली, तिचा ओठ फुटला. हात पुन्हा वर गेला. चांगला डोक्याच्या वर. मी मागून त्यांचं मनगट धरलं आणि पाठीकडं पिरगळलं. आठ-आठ तास पत्रे ओढून माझ्या हातात किती जोर आलाय, ते मला माहीत होतं. उसाचं कांडं गुडघ्यावर घेऊन मोडावं तसा आवाज आला. आवाज आल्यावरही मी मनगट सोडलं नाही. किती वेळ, ते सांगता येणार नाही. पण हात आता मोडलाय हे कळत असताना मी तो धरून ठेवला होता, आणि मला बरं वाटत होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

ते खाली बसले आणि ओरडायला लागले. आईनं पदरानं त्यांचा दंड सावरला, मग उठून माझ्या थोबाडीत मारली. तिनं मला मारलेलं ते एकदाच.

शिरूरच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. धातूची दांडी हाडाच्या पोकळीत जिथं संपत होती, तिथून हाड फाटत खाली गेलं होतं.

"कसं झालं?"

"न्हाणीत पाय घसरला," आई म्हणाली.

"घसरून पडल्यावर सहसा असं मोडत नाही. हे पिळून मोडलंय. दांडीच्या टोकाशी हाडावर ताण येतो, त्यात यांचं हाड ठिसूळ."

"ती म्हणतीय ना पडलो," आप्पा कण्हत म्हणाले.

"मी पिरगळला," मी म्हणाले.

डॉक्टरांनी आईच्या ओठाकडं पाहिलं. तिला बाजूला घेऊन, तक्रार करायची आहे का, असं विचारलं. तिनं मानेनंच नाही म्हटलं. आम्ही पुण्याला निघालो.

या खेपेला आधीची दांडी काढून लांब दांडी घातली, वर पट्टी, आणि हाडाभोवती तारा आवळल्या. नसेला मार बसला होता, त्यामुळं मनगट लोंबतं राहिलं. घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी आईनं पिशवी भरली.

"मी दौंडला भावाकडं चालले," ती म्हणाली. "तू मोडलास, तूच कर आता त्यांचं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. याआधी ती कधीही अशी गेली नव्हती. मी पुढच्या दोन महिन्यांची रजा टाकली.

त्यांना आंघोळ घालणं, लेंग्याची नाडी बांधणं, घास भरवणं, सगळं माझ्यावर आलं. मी दंडावरची लांब शिवण पुसताना ते भिंतीकडं बघायचे. एकदा म्हणाले, "जीव घेतला असता का माझा?"

"माहीत न्हाई," मी म्हणाले. "तुम्ही तिचा घेतला असता का?"

पाणी गार होईपर्यंत मी त्यांच्या पाठीवर तांब्या ओतत राहिले.

दोन महिन्यांनी मी दौंडला गेले. आई मामाच्या अंगणात मेथी निवडत बसली होती. तिच्या उजव्या बाजूला जाऊन बसले.

"हात किती वर जातोय?" तिनं विचारलं.

"छातीपर्यंत. डॉक्टर म्हणाले, फार तर एवढाच."

तिनं हातातली जुडी संपवली, देठं सुपात गोळा केली आणि आपली कपड्यांची पिशवी आणायला आत गेली.

आता मनगट बरंचसं सुधारलंय. ते चमच्यानं जेवतात, पेपर धरतात. मागच्या उन्हाळ्यात आमटीवरून त्यांनी डाव्या हातानं ताट भिरकावलं. मी बाहेरच्या खोलीतून आले आणि दारात उभी राहिले. त्यांनी मान खाली घातली आणि उजवा हात पोटाशी ओढून घेतला. त्यांना माझी भीती वाटते. आई खाली बसून भात गोळा करत होती. "तू जा," ती मला म्हणाली, "मी हाय इथं." मी गेले नाही. ते उठून ओसरीत जाईपर्यंत मी दारातच उभी होते.