आपलं कुत्रं

मला एका जागी बसवत नाही. लहानपणी आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. बुलढाण्याजवळच्या धाड गावी मुलींच्या शाळेत नेमणूक झाली तेव्हाही मी खोलीत कमी आणि ओट्यावर जास्त असायची. महाराष्ट्र होऊन फार वर्षं झाली नव्हती. एकट्या बाईनं खोली घेऊन राहणं गावाला नवीन होतं. मी येताजाता दिसले की लोक उगाच बोलायचे थांबत, आणि ते थांबले की मी आणखी भरभर चालायची.

या सगळ्या घाईच्या आड एकच गोष्ट यायची. कुत्रं.

माझी खोली ज्यांच्या घरात होती ते घरमालक बऱ्यापैकी शेतीवाले, वयानं मोठे. मी त्यांना काकाजी म्हणायची. त्यांच्या दारात एक भलंमोठं बदामी कुत्रं पडलेलं असायचं. दारात म्हणजे अगदी उंबऱ्याला लागून, आडवं. सकाळी शाळेची घंटा व्हायची वेळ, माझ्या हातात पिशवी, छत्री, वह्यांचा गठ्ठा, आणि समोर हे धूड. "हाड" म्हटलं की ते एक डोळा उघडायचं, शेपटी जमिनीवर दोनदा आपटायचं आणि डोळा मिटायचं. मी साडी आवरून त्याला ओलांडून जायची. पायानं ढकललं तरी गुरगुरणं नाही, दात दाखवणं नाही. शेजारची पोरं त्याच्या पाठीवर बसत, कान ओढत. ते सगळं सोसायचं, पण हलायचं नाही. इतका मऊ स्वभाव आणि इतका हट्ट एकाच जीवात मी तोवर पाहिला नव्हता. माझी चिडचिड व्हायची. कारण मी चिडले आहे याचं त्याला काहीच वाटत नसे.

त्याला नावही नव्हतं. "यू यू" केलं की यायचं, तेही मनात असलं तर. खायला कोण घालतं याचा पत्ता नव्हता. काकाजींच्या घरातून कधी शिळी भाकर पडायची, कधी नाही. मीच मग माझ्यातली अर्धी ठेवायला लागले. एकदा त्याच्या कानात किडे पडले. मी काकाजींना म्हटलं, "तुमच्या कुत्र्याचा कान बघा हो जरा."

ते सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, "पाहू ना. आपलंच हाय."

पाहिलं कुणीच नाही. शेवटी दवाखान्यातून फिनाईल आणून मीच नाकाला पदर लावून कान धुतला. कुत्रं माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिलं, हूं की चूं नाही. दुसऱ्या दिवशी काकाजी पाहुण्यांना सांगत होते, "पाहा, कसं तब्येतीत हाय आपलं कुत्रं. पाच गावांत असं जनावर नाई."

मी ते ऐकलं आणि शाळेत जाईपर्यंत स्वतःशीच भांडत गेले.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी एक पिसाळलेलं कुत्रं गावात शिरलं. गुरांना चावलं, एका बाईला चावलं. तिला इंजेक्शनांसाठी बुलढाण्याला न्यावं लागलं. गाव हादरलं. कोतवालानं दवंडी दिली: "ज्याचं कुत्रं असन त्यानं बांधून ठेवा हो! मोकळं दिसलं तं औषध घातल्या जाईन हो!"

औषध म्हणजे विष. विष हा शब्द कुणी तोंडातून काढत नसे.

कोतवाल मग गल्लीगल्लीतून फिरला. आमच्या दारापाशी येऊन त्यानं काठीनं कुत्र्याकडे दाखवलं. "कोणाचं?"

काकाजी ओट्यावर होते. "आपलंच हाय," ते म्हणाले.

"म्हंजे तुमचं ना? मंग बांधा त्याले."

"अरे, आपलं म्हंजे आपलं. गल्लीचं. मी काऊन बांधू?"

कोतवालानं शेजाऱ्याकडे पाहिलं. शेजारी म्हणाला, "हाव, आपलंच हाय," आणि आत गेला. समोरची म्हातारी म्हणाली, "आपलंच हाय बावा, लय गरीब हाय," आणि तीही आत गेली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी पिंपळगाव राजाची, याच जिल्ह्यात वाढलेली, शाळेत मुलींना व्याकरण शिकवणारी. आणि इतके दिवस या माणसाच्या 'आपलं'चा अर्थ मी 'माझं' असा लावत होते. त्याच्या 'आपलं'मध्ये मी होते, कोतवाल होता, सगळी गल्ली होती. एकट्यानं त्यात कुणी नव्हतं. कौतुक करायला सगळ्यांचं, बांधायला कुणाचंच नाही.

"माझं आहे," मी म्हटलं. रागात म्हटलं, विचार करून नाही.

कोतवालानं काठी खाली केली. काकाजींना मात्र जराही वाईट वाटलं नाही. उलट मोकळं झाल्यासारखे म्हणाले, "घ्या! बाई पाह्यतीन त्याचं."

मी त्यांच्याच गोठ्यातलं एक जुनं दावं मागून घेतलं आणि कुत्र्याला माझ्या ओट्याच्या खांबाला बांधलं. जन्मात कधी न बांधलेलं जनावर. त्यानं दावं चावलं नाही, ओढलं नाही. माझ्याकडे पाठ करून बसलं. भाकर ठेवली तर हुंगली नाही. मी शाळेतून मधल्या सुट्टीत धावत येऊन बघायची, परत धावत जायची. फळ्यावर गणित लिहिताना मला त्याची पाठ दिसायची. रुसणं माणसांचं मी खूप पाहिलंय, कुत्र्याचं सोसलं नाही मला.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते भाकर खायला लागलं. मला वाटलं, जिंकले.

आमची शाळा बाजाराच्या मैदानाला लागून होती. बाजाराचा दिवस होता, मुली पाढे म्हणत होत्या, आणि खिडकीतून मला दिसलं की मिरच्यांच्या ढिगांच्या पलीकडे, बैलगाड्यांच्या वाटेत मधोमध, बदामी पाठ पसरली आहे. शेजारी कोतवाल वाकलेला. पळताना चप्पल कुठे गेली ते कळलं नाही. कोतवालानं कणकेचा गोळा त्याच्यापुढे टाकला होता आणि त्याची जीभ गोळ्याला लागायची बाकी होती. मी तो हातानं उचलून फेकला.

"बाई, हात! हात!" कोतवाल ओरडला. त्यानं माझं मनगट धरून मला चहाच्या हॉटेलापाशी ओढत नेलं आणि तांब्यावर तांब्या ओतून हात धुवायला लावला. रागावला होता बिचारा. मला रडू येत होतं आणि बाजार सगळा बघत होता. कुत्रं? ते तिथंच पडून होतं. उठता उठेना. मी ओढलं, हातापाया पडले. शेवटी कोतवालानं पुढचे पाय धरले, मी मागचे, आणि अशी आमची वरात घरी आली.

दावं खांबालाच लोंबत होतं. काकाजींनी सोडलं होतं.

"काऊन सोडलं?" माझ्या तोंडून त्यांचीच बोली निघाली.

"बैल हाय का ते?" ते म्हणाले. "लय केविलवाणं पाहून राह्यलं होतं माह्याकडं. मले नाई पाहावलं."

त्यांना खरंच पाहावलं नव्हतं. तेच मला जास्त झोंबलं. दुष्ट माणसाशी भांडता येतं.

पावसाळ्यानंतर माझी बदली बुलढाण्याला झाली. जाताना मी रीतसर विचारलं, "काकाजी, कुत्रं घेऊन जाऊ का?"

"न्या ना. आपलंच हाय."

एस्टीत त्याला घेतलं नाही. मिरचीच्या पोत्यांचा एक ट्रक मिळाला. बुलढाणा येईपर्यंत मी आणि ते, दोघं आळीपाळीनं शिंकत होतो. मला त्या प्रवासात खूप दिवसांनी हसू आलं. आता हा जीव वाचला, असं मी त्याला मोठ्यानं सांगितलं.

बुलढाण्यात ते नव्या दारात आडवं पडलं. गळ्यात पट्टा, पट्ट्याला लांब दोरी, वेळेवर भाकर, दूध. शेजारी तक्रार करत की कुत्रं हलत नाही. मी त्यांची माफी मागत फिरायची, आणि मनातून मला बरं वाटायचं. मग धाडकडून येणाऱ्या एकानं सांगितलं की काकाजी तिकडे सगळ्यांना सांगतात, "बाईनं आमचं कुत्रं पळवलं." आमचं! मी आठवडाभर धुसफुसत होते. कुणी ऐकायला नसलं तर भांड्यांशी भांडायची.

एक दिवस काकाजीच दारात उभे. शेतीच्या भांडणाची कोर्टात तारीख होती, ती आटोपून आले होते. धुतलेलं धोतर, टोपी, तोंडभर हसू. मी चहा टाकला आणि काय काय सुनवायचं त्याची मनात जुळवाजुळव केली.

बाहेर आले तर कुत्रं उठलं होतं. माझ्यासाठी ते कधी उठलं नव्हतं. ते त्यांच्यापाशी गेलं, त्यांच्या वहाणांवर हनुवटी ठेवली आणि एक लांब श्वास सोडला. काकाजींनी खाली न बघता त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. सुनवायचं सगळं तसंच ठेवून मी चहाची बशी त्यांच्यापुढे केली.

चहा पिऊन ते निघाले. निघताना सवयीनं पट्ट्याची दोरी सोडली. "काऊन बांधून ठेवता बाई?" कुत्रं त्यांच्या मागं चालायला लागलं. मी हाक मारली, मग मोठ्यानं मारली, मग मीही मागं निघाले. बाजारपेठेतून, कचेऱ्यांवरून, पुढे काकाजी, मागे कुत्रं, त्याच्या मागे मी. स्टँडवर धाडची गाडी लागली होती. काकाजी चढून खिडकीशी बसले. कुत्र्यानं पुढचे दोन पाय पायरीवर ठेवले आणि ते आत बघत शेपटी हलवत उभं राहिलं.

"कोणाचं कुत्रं हाय बे हे?" कंडक्टर ओरडला. "आवरा ना!"

गाडीत सगळे इकडेतिकडे बघायला लागले. काकाजींनी टोपी नीट केली आणि खिडकीतून पलीकडच्या बाजूला तोंड फिरवलं. भाड्याला भ्याले असतील, चारचौघांत लाजले असतील, मला माहीत नाही. बोलले नाहीत एवढं खरं. कुत्रं त्यांच्या टोपीकडे बघून शेपटी हलवतच होतं.

मी पुढे झाले, त्याला पायरीवरून उतरवलं, पट्टा धरला. गाडी गेली. ते तिथेच बसलं, गाडी गेली त्या रस्त्याकडे तोंड करून, आणि माझ्या ओढण्यानं तसूभर हललं नाही. माझी दुपारच्या शाळेची वेळ होऊन गेली. लोक बाजूनं जात होते. त्या माणसाचा मला संताप येत होता, पण त्याहून मोठं आत काही होतं आणि ते मी आज सरळ सांगते: मला त्याच माणसाचा हेवा वाटत होता. जन्मात मी दुसऱ्या कुणाचा एवढा हेवा केला नाही.