पाण्याच्या दिवशी पेटणारा दिवा

अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, मोटारींच्या रिवाइंडिंगचं काम करायचा. सोलापुरातल्या यंत्रमागांच्या जळालेल्या मोटारी त्याच्याकडे यायच्या, तो जुनी तार उपसून नवी तांब्याची तार भरून द्यायचा. काम चोख. भरलेली मोटार सिरीज दिव्याला, म्हणजे तपासणीच्या बल्बाला लावून, बॉडीत करंट उतरत नाही ना हे तीनदा बघितल्याशिवाय तो ती गिऱ्हाइकाच्या हातात देत नसे. मग आजूबाजूचे माग एकेक करून थांबले आणि दुकानही बंद झालं. पन्नाशी उलटलेला माणूस घरी बसला. हळूहळू तो बोलेनासा झाला, आईशीसुद्धा. घरात आम्ही तिघंच, त्यामुळे ते गप्प बसणं फार ऐकू यायचं.

अशातच त्याच्या मोबाइलवर फुकटच्या विजेचा व्हिडिओ आला. दोन कॉइल, एक छोटा ट्रान्सफॉर्मर, प्लग कुठेच नाही आणि बल्ब मात्र लख्ख पेटलेला. अण्णाने तो किती वेळा पाहिला कोण जाणे. दुकानातली उरलेली तार आणून तो पुढच्या खोलीत कॉइल गुंडाळत बसू लागला. मी कचेरीतला कारकून, मला कशातलं काही कळत नाही, पण तोंड गप्प राहील तर शपथ. घरात पाय टाकला की विचारायचो, "काय शास्त्रज्ञ, वीज मंडळाला टाळं कधी लावायचं?" तो मानही वर करायचा नाही. मला त्याची काळजी वाटत होती, आणि काळजी बोलून दाखवायची अक्कल नसल्यामुळे मी चेष्टा करत होतो.

व्हिडिओतला माणूस सांगायचा की कॉइलचं एक टोक जमिनीला द्या, दुसरं पाण्याला. आमच्या अंगणात कढीपत्त्याच्या झाडाशी तांब्याची एक सळई पुरलेली होती. ती पाण्याच्या मोटारीच्या अर्थिंगची. मोटारीत कुठे करंट उतरलाच, तर तो हिरव्या तारेतून सळईत आणि सळईतून जमिनीत जावा, कुणाला लागू नये, यासाठी. अण्णाने ती हिरवी तार सोडवली. "सळई मोकळी पायजे," एवढंच म्हणाला. तिथं कॉइलचं एक टोक बांधलं आणि दुसरं टोक बल्बातून फिरवून नळाच्या लोखंडी पाइपाला दिलं. मी समोर उभा राहून हे बघितलं.

तीन दिवस काही झालं नाही. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. चौथ्या दिवशी दुपारी ते आलं, आईने अंगणातली मोटार लावली आणि आतून अण्णा ओरडला, "पेटला! आरं पेटला की!"

मी धावत आत गेलो. बल्ब खरंच पेटला होता. मिणमिणता, पण पेटला होता. मी चक्क टाळ्या वाजवल्या. अण्णा हसत होता. त्या संध्याकाळी तो आईला शेजारी बसवून वाहत्या पाण्यातली वीज समजावून सांगत होता. बल्ब फक्त पाण्याच्या दिवशीच का पेटतो, याचं उत्तर त्याला त्यातच मिळालं होतं.

त्यानंतर एकदा आई म्हणाली, "पाणी भरताना हाताला लई मुंग्या येतात रं." तिला शुगर आहे. मीच तिला डॉक्टरांकडे नेलं. शुगरने नसा कमजोर होतात असं ते म्हणाले, गोळ्या सुरू झाल्या. नळाखालचं पाणी चाटायला येणारं मांजर एकदा किंचाळून हातभर उंच उडालं आणि पुन्हा आमच्या अंगणात आलं नाही. त्यावरही मी हसलो होतो.

एका पाण्याच्या दिवशी मला सुट्टी होती. अण्णा तार आणायला गेला होता. मी पुढच्या खोलीत बल्बाकडे बघत बसलो होतो, दारातून अंगणातली आई दिसत होती. टाकी भरली, तिने मोटारीचं बटण बंद केलं. बल्ब गेला. नळातून पाणी मात्र अजून वाहत होतं. तिने बादली सरकवली, बटण दाबलं. बल्ब आला.

मी अंगणात धावलो. तिला नळापासून लांब केलं, पायात चप्पल घातली आणि कॉइल सोडवून अण्णाचा सिरीज दिवा नुसता पाइप आणि सळई यांच्यामध्ये धरला. तो पेटला. कॉइलची काही गरजच नव्हती. हिरवी तार सोडवल्यामुळे मोटारीतला करंट नळात उतरत होता, आणि महिनाभर आई ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून तो नळ धरत होती.

"आई, हा करंट आहे! तू मेली असतीस!"

"मला ठावं हाय," ती शांतपणे म्हणाली. "बटण बंद केलं की त्याचा दिवा जातो. दुसऱ्याच पाण्याला कळलं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"लई दिसांनी हसला हुता त्यो."

अण्णा केव्हा दारात येऊन उभा राहिला होता ते आम्हाला कळलं नव्हतं. हातातलं तारेचं वेटोळं त्याने खाली ठेवलं. मग पाइप उतरवून मोटार खोलली. दिवा पेटायच्या थोडं आधी ती जळाली होती, तेव्हा त्यानेच भरलेली, कॉइलच्या नादात घाईघाईने. एका खाचेतला इन्सुलेशनचा कागद सरकून तार मोटारीच्या बॉडीला टेकली होती. घरचीच मोटार म्हणून ती त्याने सिरीज दिव्याला लावली नव्हती, एकदासुद्धा.

मोटार आता नीट आहे. हिरवी तार सळईला परत घट्ट बांधलेली आहे, कॉइल माळ्यावर पडली आहे. पण पाणी आलं की अण्णा आईला मागे थांबवतो, चप्पल काढतो, ओल्या फरशीवर उभा राहतो आणि मोटार चालू असताना उघड्या हाताने आधी स्वतः नळ धरतो. टेस्टर त्याच्या खिशातच असतो. मी भांडून पाहिलं, हात जोडून पाहिलं, तो ऐकत नाही. आई तेवढा वेळ मोटारीच्या बटणावर बोट ठेवून त्याच्या तोंडाकडे बघत उभी असते.