म्हसळ्याच्या माळ्यावरची अरबी

खराब निघालेली झेरॉक्स मी कधी फेकत नाही. पाठची बाजू कोरी असते, कधीतरी कामाला येईल म्हणून ठेवून देतो, आणि बघता बघता टेबलाखाली गठ्ठा होतो. आमच्या अरबीच्या क्लासच्या किश्श्यांचं तसंच झालंय. एक सांगायला घेतला की दुसरा आपोआप बाहेर येतो!

म्हसळ्याच्या स्टँडजवळ माझं झेरॉक्सचं दुकान. इथला निम्मा धंदा पासपोर्टच्या झेरॉक्सवर चालतो, कारण घरटी एक माणूस आखातात. म्हणून इब्राहिम मास्तरांनी क्लास काढायचा म्हटलं, तेव्हा मी दुकानावरचा माळा दिला. मास्तर मुंबईच्या एका शाळेत अरबी शिकवून निवृत्त झालेले. माणूस विद्वान, पण आखात त्यांनी फक्त नकाशात पाहिलेलं! जागा माझी, म्हणून मीही फुकटात जाऊन बसायला लागलो.

पहिल्या दिवशी मास्तरांनी दाराकडे बोट केलं. "अल्-बाबु कबीर. दार मोठं. बघा, अरबीत 'आहे' म्हणायची गरजच नाही. वस्तूचं नाव घ्या, ती कशी ते सांगा, वाक्य झालं!"

निलेश ताडकन उठून उभा राहिला. हा पेणकडचा आगरी गडी. दिघी बंदरावर ट्रेलर चालवायचा आणि आखातात ड्रायव्हर म्हणून जायची स्वप्नं बघायचा.

"टायर पंक्चर! डिझेल खल्लास! मालक गायब!" तो म्हणाला. "मास्तर, मी तर जन्मापासून अरबीच बोलतोय!"

* * *

क्लासला दिघीची मथुराकाकी यायची. जातीची कोळीण, म्हसळ्याच्या बाजारात मासळी विकायची. मासळी संपली की टोपली माझ्या जिन्याखाली ठेवून वर. टोपलीच्या वासानं माझी गिऱ्हाइकं नाक धरून झेरॉक्स काढायची. पण काकीला "टोपली बाहेर ठेव" म्हणायची हिंमत माझ्यात नव्हती, आजही नाही. तिला ना नोकरी करायची होती ना कुठं जायचं होतं. ही अरबी कशाला शिकते, ते कुणाला कळेना.

एकदा मास्तर सांगत होते, की अरबीत प्रत्येक वस्तू एकतर 'तो' असते नाहीतर 'ती'. "सूर्य म्हणजे शम्स. अरबीत ती बाई."

"बराबर हाय," काकी म्हणाली. "सकाळी सगल्यांच्या आदी कोण उठतंय?"

"आणि चंद्र म्हणजे कमर. तो पुरुष."

"ते बी बराबर! अर्धा महिना कामावर न्हाय, आन उगवला की सगले त्याचं कौतुक करतात!"

मास्तरांनी फळा पुसला. त्या दिवशी पुढं काही शिकवलंच नाही.

* * *

निलेशला बंदरावर एका खोक्यावर सुंदर अरबी अक्षरं दिसली. पठ्ठ्यानं तेवढा पुठ्ठा कापला, प्लास्टिकमध्ये घातला आणि ट्रेलरमध्ये गणपतीच्या शेजारी लावला. रोज अगरबत्ती फिरवायचा. "काहीतरी चांगलंच लिहिलेलं असणार," म्हणायचा.

मास्तर एकदा त्याच्या ट्रेलरमधून दिघीला निघाले. पुठ्ठा वाचला आणि हसून हसून त्यांना ठसका लागला.

"अरे बाबा, हे लिहिलंय – 'हा भाग वर ठेवा. आदळू नका!'"

निलेशनं पुठ्ठ्याला पुन्हा हात जोडले.

"मंग बराबरच हाय की! आजून एकदा बी ट्रेलर पलटी झालेला न्हाय!"

* * *

काकी क्लासला का येते ते एका दुपारी कळलं. तिच्या फोनला रेंज नव्हती, म्हणून ती व्हिडिओ कॉल करायला माझ्या दुकानातल्या वायफायवर बसली. तिचा मुलगा हरेश आखातातल्या एका बंदरात टगबोटीवर कामाला. तिथं एका हॉस्पिटलात नादिया नावाची नर्स होती, मिसर म्हणजे इजिप्तची. दोघांचं जमलं आणि दोघांनी परस्पर लग्नही केलं. आईला फोटो आले ते लग्नानंतर!

स्क्रीनवर हरेश आणि बाजूला नादिया. पोरगी हनुवटीवर हात ठेवून गोड हसत होती. काकी खाडीपल्याडच्या माणसाला हाक मारावी तशा आवाजात ओरडली, "काय रं हरेश, निस्ता सुका बोंबील हाय ही! खायला घालतोस का न्हाय?"

"आये, हळू! ती बाजूलाच हाय!"

"आसू दे! तिला काय कळतंय!"

नादिया हसतच होती. मग काकीनं सुनेसाठी म्हणून लांबलचक काहीतरी सांगितलं, तब्येत, नोकरी, सासरची माणसं, सगळं. हरेशनं तिकडं अरबीत दोन शब्दांत गुंडाळलं. नादियानं मान हलवली आणि कॉल संपला.

काकीनं फोन पालथा ठेवला. "बघितलास? मी एवढं बोलले, आन यानं काय सांगितलं देव जाणे. पोरीनं माझ्या पोरासाठी आपली माणसं सोडली. तिला एकदाच इचारायचंय, मधी कोण नसताना. बाय, तू खूश हाईस का? याच्या तोंडून न्हाय, तिच्या तोंडून ऐकायचंय."

मी पाण्याचा ग्लास पुढं केला. काकी प्यायली आणि पदरानं तोंड पुसत म्हणाली, "पर हाय बोंबीलच!"

* * *

मास्तरांनी तिला वाक्य करून दिलं. "हल अन्ति सईदा? 'हल' म्हणजे आपला 'का'. तो पुढं लावला की झाला प्रश्न. समोर बाई असेल तर 'अन्ति', पुरुष असेल तर 'अन्त'. सईदा म्हणजे खूश."

काकीनं सराव सुरू केला. जिना चढताना हल अन्ति सईदा, टोपली उतरवताना हल अन्ति सईदा! बाजारात एक बाई पापलेटांचा भाव करत होती, तर काकीनं तिलाच विचारलं, "हल अन्ति सईदा?"

"काय म्हणालात?"

"अरबी हाय. खूश हाईस का?"

"आधी भाव सांगा," ती बाई म्हणाली, "मग बघू!"

* * *

निलेशला आखातात नोकरी लागली आणि तो गेला. पोचल्यावर पहिला फोन त्यानं मास्तरांना केला. आम्ही सगळे माळ्यावर, फोन स्पीकरवर.

"मास्तर, इथं आल्या आल्या मी तुमचं वाक्य टाकलं. उरीदु माअन् बारिदन्! मला थंड पाणी हवंय!"

"शाब्बास! मग?"

"मंग फोरमननं काम थांबवलं आन सगल्या अरबांना बोलावून आणलं. बोलतात, हा तर रेडिओवरच्या बातम्यांसारखा बोलतोय! असं इथं कोण बोलतच न्हाय म्हनं!"

मास्तरांची छाती फुगली. "शुद्ध बोललास बेटा! पाणी दिलं ना पण?"

"न्हाय! परत बोलायला लावलं! तीन वेळा!"

आम्ही हसून लोळलो. काकी मात्र हसली नाही. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मास्तर, म्हंजी माझं वाक्य बी रेडिओवरचंच का? तिला कळलंच न्हाय तर? ती बी हसली तर?"

"कळेल, मथुराबाई. एवढं वाक्य कुठल्याही अरबी माणसाला कळतं. आणि तुमच्या तोंडून ऐकून कुणी हसणार नाही."

जाताना त्या दिवशी काकी टोपली विसरली. मी ती उचलून बाहेर ठेवली आणि मग मलाच वाईट वाटलं, म्हणून परत आत आणली.

* * *

मे महिन्यात हरेश बायकोला घेऊन आला. आगरदांड्याहून फेरीबोटीनं दिघीला उतरणार होते. अख्खा क्लास जेट्टीवर! मास्तर इस्त्रीच्या शर्टात, मी दुकान बंद करून. काकीनं हिरवं लुगडं नेसलं होतं, डोक्यात अबोलीचा गजरा माळला होता आणि तोंडानं अखंड पुटपुट चालू होती.

बोट लागली. आधी मोटरसायकली उतरल्या, मग गाड्या, मग हे दोघं. नादिया खरंच बारीक होती, हो! खांद्यावर मोठी बॅग, डोळ्यांवर ऊन. काकी तिच्यापुढं जाऊन उभी राहिली आणि एकदम थिजली. ओठ हलले, पण आवाज फुटेना. मास्तर मागून हळूच "हल… हल…" करायला लागले.

"आये, काय इचारायचंय ते मला सांग," हरेश पुढं झाला. "मी सांगतो तिला."

"तू गप! तूच मधी नको!"

काकीनं सुनेचे दोन्ही हात धरले. तिचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता.

"हल अन्ति सईदा?"

नादियानं एकदा हरेशकडे बघितलं. मग काकीकडे बघितलं. खांद्यावरची बॅग खाली ठेवली, काकीच्या गजऱ्याला हात लावला, आणि सावकाश, एकेक शब्द मोजून मापून म्हणाली,

"व्हय, आये. सुका बोंबील खूश हाय."