पाठीमागचा डावा हात

इंजेक्शन देऊन झाले की मोठ्या सिस्टरांचा डावा हात पाठीमागे जायचा. मुलाने पेरू लपवावा तसा तो कमरेच्या खळगीत जाऊन बसायचा. उजव्या हातातली सुई लाल डब्यात पडायची, ठक् असा बारीक आवाज व्हायचा, आणि मगच तो हात पुन्हा उजेडात यायचा. मी नोकरीला नवी होते. मला वाटले, त्यांची पाठ दुखत असावी.

"पाठ नाही गो," त्या म्हणाल्या. "हा हात खोडकर आहे. मोकळा ठेवला की झाकण शोधत फिरतो."

त्याचे असे होते. त्यांच्या तरुणपणी एकदाच वापरायच्या सुया नव्याने आल्या, तेव्हा त्यांना शिकवले गेले होते की सुई उघडी टाकणे म्हणजे गबाळेपणा. डाव्या हातात झाकण धरायचे, उजव्याने सुई त्यात घालायची, मग टाकायची. पुढे कळले की नर्सच्या बोटात सुई शिरते ती नेमकी त्या क्षणी, आणि सुईबरोबर दुसऱ्याचे रक्तही शिरते. नियम बदलला. त्यांच्या मनाने तो एका दिवसात मानला, हाताने मानला नाही. म्हणून त्या हाताला पाठीमागे पाठवत.

ही नव्वदच्या दशकातली वसई. रत्नागिरीला नर्सिंग शिकून, लग्न करून मी एव्हरशाईन सिटीतल्या नव्या इमारतीत आले, तेव्हा आमच्या जिन्याला अजून ओल्या सिमेंटचा वास होता. दवाखाना छोटा, खासगी. सिस्टर जवळच्या नंदाखाल गावच्या, ख्रिस्ती. ड्यूटीवर केसांत फूल चालत नसे, म्हणून त्या सोनचाफा खिशात ठेवत. त्या जवळून गेल्या की स्पिरिट आणि चाफा असा एकमेकांत विरघळलेला गंध यायचा. आजही यांपैकी एक वास आला की मी नकळत दुसरा शोधते. मला त्यांनी नावाने कधी हाक मारली नाही. "काय गो रत्नागिरी," एवढेच.

गुरुवारी दुपारी, जेवणाची ताटे उचलून झालेली आणि भेटायला येणाऱ्यांची वर्दळ अजून सुरू व्हायची, अशा वेळी त्या आम्हां नर्सेसचा वर्ग घ्यायच्या. जागा म्हणजे उपकरणे उकळण्याची खोली. भिंतींवर वाफेचे थेंब, मधोमध स्टूल, त्यावर केळीच्या सोपटात बांधलेली घरची सुकेळी, उन्हात वाळवलेली गोड केळी. सुट्टीच्या दिवशी मुंबईत नर्सेसची व्याख्याने असली की त्या स्वखुशीने जाऊन बसत आणि तिथले सारे आमच्या मराठीत उतरवून आणत. पावसाळ्यात लेप्टो, त्यामागून डेंग्यू, मग एड्स. सुकेळ्याचा चिकट गोडवा जिभेवर घोळवत आम्ही भयंकर रोगांची नावे शिकलो.

शैला आमच्यातली सर्वांत तिखट. ती एकदा म्हणाली, "सिस्टर, डबल ड्यूटी करून पाय मोडलेत. त्यात ही शाळा कशाला?"

"शाळा नको तर सासर घे. तिथे रोज परीक्षा, आणि पेपर तपासणारी एकच."

शैलासकट सगळ्या हसलो. हसू ओसरल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "आपण शिकायचं थांबलो ना पोरी, की ते खाटेवरच्या माणसाला भोगावं लागतं."

एड्सचा पहिला रुग्ण आला तेव्हा त्याच्या खोलीत पाऊल टाकायला कोणी तयार नव्हते. सिस्टर आत गेल्या, त्याच्या कपाळावर हात ठेवून त्याच्या गावाची चौकशी करत बसल्या. बाहेर येऊन आम्हांला म्हणाल्या, "माणसाला भिऊ नका. सुईला भ्या. माणूस टोचत नाही."

मग कावीळ-ब आली त्यांच्या वर्गात. तिची लस निघाली होती, पण महाग. सिस्टर डॉक्टरांच्या मागे लागल्या. ते जेवत असले तरी दारात उभ्या राहत. अखेर डॉक्टरच वैतागून म्हणाले, "बाई, देतो सगळ्यांना लस, पण मला घास गिळू दे!" लसीआधी सगळ्यांचे रक्त तपासायचे ठरले. त्या दिवशी सिस्टर सणासारख्या खुशीत होत्या. प्रत्येकीच्या दंडाला पट्टा त्यांनीच बांधला.

आम्हां सगळ्यांचे अहवाल स्वच्छ आले. एक सोडून.

पुढच्या गुरुवारी त्या वेळेवर आल्या. सुकेळ्यांचे सोपट सोडले. स्टुलाशी उभ्या राहून म्हणाल्या, "आजचा विषय कावीळ-ब. उदाहरण बाहेरून आणायला नको." कोणाला काही उमगेना. "माझ्यात आहे ती. बरीच वर्षं असावी. यकृत पार सुकत आलंय म्हणतात."

वाफेचा एक थेंब भिंतीवरून ओघळला. तो मला अजून दिसतो.

"डॉक्टरांनी विचारलं, सुई कधी टोचली होती? मी म्हटलं, कोणती सांगू? टोचली की बोट तोंडात घालायचं आणि पुढच्या खाटेकडे जायचं, एवढंच आम्हांला ठाऊक." त्यांनी डावा हात वर केला आणि बोटांकडे पाहिले, रागाने नाही, उपाशी झोपलेल्या लेकराकडे पाहावे तसे. "ह्याला मी उशिरा बांधलं. तुम्ही आधी बांधा. शैला, रडतेस काय? रडून लस लागत नाही. दंड पुढे कर."

त्या दुपारी आम्हां सगळ्यांना लस त्यांनीच टोचली. रिकामी सुई प्रत्येक वेळी लाल डब्यात. डावा हात प्रत्येक वेळी पाठीमागे.

काही वर्षे त्या तशाच काम करत राहिल्या, अधूनमधून खाटेचा कठडा धरून. मग ते थांबले. पाय सुजले, पोट पाण्याने भरले, डोळ्यांत हळद उतरली. गुरुवार मात्र आम्ही सोडला नाही. दोघी-तिघी नंदाखालला जायचो. खिडकीतून केळीच्या पानांचा हिरवा उजेड त्यांच्या पिवळ्या कांतीवर पडायचा. "नवीन काय वाचलंत?" त्या विचारायच्या. आम्ही सांगायचो. त्या डोळे मिटून ऐकायच्या.

शेवटच्या भेटीत डॉक्टरांनी सांगितलेले इंजेक्शन मी दिले. दंडावर मांस उरले नव्हते. उशाशी बसलेली त्यांची भावजय तोंड फिरवून मुसमुसत होती. मी सुई काढली, घरून नेलेल्या जाड डब्यात टाकली. सिस्टर माझ्याकडे टक लावून पाहत होत्या.

"दिसला नाही," त्या पुटपुटल्या.

"काय दिसलं नाही, सिस्टर?"

"तुझा डावा हात." सुकलेले ओठ किंचित रुंदावले. "बरं झालं गो, रत्नागिरी."

तो पाठीमागे गेला होता. मला कळलेही नव्हते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत चर्चची घंटा वाजली. नारळीच्या झावळ्यांतून तो आवाज थांबत थांबत आला. शवपेटीवर चाफा होता. स्पिरिटचा वास नव्हता, आणि त्या अर्ध्या गंधाने मला कळले की त्या खरोखर गेल्या. कबरीत मूठभर माती टाकण्यासाठी रांग लागली. माझी पाळी आली. वाकले, माती सोडली. पेटीवर ठक् असा बारीक आवाज झाला.

उभी राहिले तेव्हा ध्यानात आले की माझा डावा हात पाठीमागे होता. माझ्यामागे शैला उभी होती. माती भरलेली उजवी मूठ पुढे, आणि डावा हात, माझ्यासारखाच, पाठीमागे.