झिजलेल्या टायरची जोडी

"माह्या अंगणात खाट नाही, टायर आहेत, ज्याले जो मानवल त्याच्यावर बसा," असं धनीराम एकदा म्हणाला होता. नाकाडोंगरीच्या त्याच्या घरी रीताचे वडील आणि काका मुलगा पाहायला आले होते तेव्हाची ही गोष्ट. काका बसले ते थेट टायरच्या भोकात गेले. दोघांनी हात धरून त्यांना बाहेर काढलं. परतल्यावर काकांनी तक्रार केली. रीता मात्र पोट धरून हसली, आणि तिचं तिथंच ठरलं.

आता तिला त्या घरात येऊन आठ वर्षं झाली. नवरा वीरेंद्र लाखनीला हायवेवरच्या गॅरेजात कामाला, त्यामुळे घरचा ट्रॅक्टर रीताच चालवते. सासरा धनीराम जंगलातून लाकूड ओढणाऱ्या ट्रॅक्टरांना जुने टायर आणि चाकांवरच्या चेन चढवून देतो. अंगणात चाळीसेक झिजलेले टायर. त्यांच्या दातांत बोट घालून तो किती पेरं खोली उरली ते पाहतो, सुतळी गुंडाळून घेर मोजतो, आणि सारखे झिजलेले दोघे शोधून शेजारी उभे करतो. प्रत्येक जोडीपुढे तिची चेन, मोहाच्या बियांचं तेल पाजलेली. कधी एखाद्या टायरवर तळवा ठेवून तो बराच वेळ गप्प राहतो. तेव्हा सासू शकुनबाई रीताला खुणावते, "चालू झाली सभा."

यंदा फेब्रुवारीत दोन दिवस अवकाळी बरसला आणि आंबागडकडच्या तोडीतले सागाचे लठ्ठे, जाडजूड ओंडके, नाल्याच्या खोलगटात अडकले. वनखात्याचा वाहतुकीचा पास शुक्रवारी संध्याकाळपर्यंतच होता. ठेकेदार कैलाशचे दोन्ही ट्रॅक्टर चढावर जागच्या जागी चाकं फिरवून खाली घसरले. शुक्रवारी सकाळी रीताने त्याला फोन करून सांगितलं, मी काढते. तो आधी हसला, मग म्हणाला, काढलेस तर अख्ख्या हंगामाचं लाकूड ओढायचं काम तुझं. तिला हेच हवं होतं. धान निघालं की ट्रॅक्टर उभा राहतो म्हणून वीरेंद्रने तो विकायला काढला होता. रविवारी गिऱ्हाईक पाहायला येणार होतं.

फोन ठेवून ती बाहेर आली तर तिच्या ट्रॅक्टरखाली जॅक. दसऱ्याला हळदकुंकू लावलेला मागचा एक नवा टायर धनीरामने उतरवला होता, दुसऱ्याचे नट ढिले करत होता.

"मामाजी, नवे काहून काढून राहिले?"

"कैलाशचे नवेच होते."

शकुनबाई आतून धावत आली. पूजेचे टायर कामाच्या दिवशी उतरवतात का, म्हणून तिने डोक्याला हात लावला. धनीरामने दोन्ही टायर गडगडवत तुळशीजवळ नेले आणि टेकवून ठेवले. म्हणाला, "बसू दे यायले थोडं. कारखान्यातून आले तवापासून फिरूनच राहिले बिचारे."

रीताला हसू आलं नाही. ट्रॅक्टर गेला तर तुमच्यापायी जाईल, असं ती तोंडावर बोलली. त्याने तिचा हात धरून नव्या टायरवर ठेवला आणि वरून चेन आडवी टाकली. कड्या खोल दातांच्या मधे पार बुडाल्या. मग झिजलेल्यावर टाकली. तिथं त्या वरच राहिल्या, एकेक कडी तिच्या बोटांना टोचली. तिने झिजलेली जोडी चढवायला हात लावला. चेन बांधताना मात्र तिने ढिली राहिल्याचं दाखवलं.

"राहू दे. चिखल झटकाले जागा लागते."

नाल्यावर कैलाशचा ड्रायव्हर गुलाब हाताची घडी घालून उभा होता.

"काय वहिनी, आज्याच्या बैलगाडीचे चाकं आणले का?"

"हो. आन् तू बाजूले सरक, आज्याले ऐकू कमी येते."

पहिला लठ्ठा बांधला. चाकं एकदा घसरली. मग चेन फटफट वाजायला लागली, मातीची ढेकळं मागे उडाली, आणि चाकांनी चढ धरला. एक ढेकूळ गुलाबच्या पांढऱ्या शर्टावर बसलं. तो सोडून सगळे हसले. नंतर तोही हसला. चार वाजेपर्यंत अकराच्या अकरा लठ्ठे वर आले, आणि ऊन उतरायच्या आत डेपोत पोचलेसुद्धा.

डेपोवरून कैलाश सरळ घरीच आला. सोमवारपासून या म्हणाला. रीताने त्याच्यासमोरच वीरेंद्रला फोन लावला आणि गिऱ्हाइकाला येऊ नको म्हणून सांगायला लावलं. चहा झाला तरी कैलाश उठेना. हे जमलं कसं, ते त्याला हवं होतं.

"आमचं पहिल्यापासून असंच रायते, भाऊ," रीताने पदर खोचला. "नव्या टायरात चेन लपते. झिजलेला पाहा लागते, जोडीचा पाहा लागते. आन् ढिली ठेवा लागते, तुमच्या लोकायसारखी आवळून नाही." तिने त्याचं बोट धरून चाकावर फिरवलं. कैलाश शाळेतल्या पोरासारखा मान हलवत होता. शकुनबाईने हसू लपवायला तोंडाला पदर लावला.

कोपऱ्यात धनीराम बशीतला चहा फुंकत ऐकत होता. शेवटचा घोट घेऊन त्याने बशी खाली ठेवली, मिशीत एकदा हसला, चपला पायात सरकवल्या आणि बाहेर निघून गेला.